शाळेतली नर्स दिवसभर काय करते?

शाळेच्या नर्सकडे दिवसभरात जितकी मुलं येतात, त्यातल्या बहुतेकांना औषध लागतच नाही. कुणाचा गुडघा खरचटलेला असतो, कुणी सकाळी काही न खाता आलेलं असतं, कुणाला पुढच्या तासाची धास्ती असते. पण त्याच रांगेत कधीतरी एखादं मूल असं असतं, की त्याला दोन-तीन तासांत ऑपरेशन टेबलवर पोचवायला हवं. गंमत अशी की दोघांची तक्रार एकाच शब्दांत येते: ‘सिस्टर, पोटात दुखतंय.’ या दोघांना वेगळं ओळखायचं, आणि तेही रक्ततपासणी, सोनोग्राफी, डॉक्टर यांतलं काहीही हाताशी नसताना, हे शाळेतल्या सिस्टरचं मुख्य काम. मलमपट्टी त्यामानाने सोपी.

तिच्यासमोर प्रत्येक मुलाबाबत चार वाटा असतात. वर्गात परत पाठवणं, अर्धा तास खाटेवर ठेवून लक्ष ठेवणं, पालकांना बोलावून घरी देणं, आणि थेट दवाखाना. यातली चुकीची वाट दोन्ही बाजूंनी महागात पडते. किरकोळ कारणाने घरी पाठवलेल्या मुलाचा दिवस बुडतो, रोजंदारीवरच्या आईचा खाडा होतो. आणि ‘नाटक करतोय’ म्हणून वर्गात परत पाठवलेलं मूल संध्याकाळी गंभीर होऊ शकतं.

सिस्टर म्हणजे साधारणपणे जीएनएम (नर्सिंगची पदविका) किंवा बीएस्सी नर्सिंग झालेली, राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असलेली व्यक्ती. ती डॉक्टर नाही. रोगाचं निदान करून नवं औषध सुरू करणं तिच्या अधिकारात बसत नाही. म्हणून चांगल्या शाळेत डॉक्टरांनी सही केलेल्या लेखी सूचना असतात: कोणत्या लक्षणाला काय करायचं, कोणतं औषध किती द्यायचं, कुठल्या टप्प्यावर हात न लावता १०८ ला फोन करायचा. हा कागद नसेल तर सिस्टर एकतर घाबरून काहीच करत नाही, नाहीतर अंदाजाने करते.

ही भूमिका मुळात का निर्माण झाली, हेही बघण्यासारखं आहे. न्यूयॉर्कमध्ये १९०२ पर्यंत डॉक्टर शाळेत येऊन मुलं तपासायचे आणि खुपऱ्या, नायटा, उवा असलेल्यांना घरी पाठवून द्यायचे. घरी त्यांच्यावर उपचार कुणीच करत नव्हतं. वर्गाबाहेर काढलेली मुलं शाळा सुटल्यावर गल्लीत त्याच वर्गमित्रांबरोबर खेळायची. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये लिना रॉजर्स नावाच्या नर्सला प्रयोग म्हणून चार शाळा देण्यात आल्या. तिने शाळेतच औषध लावायला सुरुवात केली आणि घरी जाऊन आयांना ते कसं लावायचं हे दाखवलं. वर्षभरात घरी पाठवाव्या लागणाऱ्या मुलांची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी उतरली. आपल्याकडे १९०९ मध्ये बडोद्यात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली, ती भारतातली पहिली मानतात. पण तपासणीनंतर पुढे काय, हा प्रश्न आपल्याकडे अजूनही लोंबकळतोच आहे. त्याच्याकडे नंतर येऊ.

पोटदुखीचा उलगडा

शाळेत सर्वात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच, त्यामुळे जरा सविस्तर.

अनुभवी सिस्टर आधी मुलाला एका बोटाने जागा दाखवायला सांगते. मूल बेंबीभोवती हात फिरवत राहिलं तर बहुधा काळजीचं नसतं. बेंबीपासून जितकी दूर आणि जितकी नेमकी जागा, तितकं लक्ष जास्त. मग ठरावीक प्रश्न: कधीपासून, सकाळी काय खाल्लं, शौचाला शेवटचं कधी झालं, लघवीला जळजळतं का, उलटी झाली का. ताप मोजायचा. मोठ्या मुलींना पाळीबद्दल विचारायचं, पण दार लोटून. शेवटी एक साधी चाचणी: ‘दोन उड्या मार बघू.’ पोटाच्या आत सूज असेल तर उडी मारताना मूल कळवळतं किंवा उडीच मारत नाही. बेंबीजवळ सुरू झालेलं दुखणं काही तासांत उजव्या कुशीत खाली सरकलं, भूक गेली, बारीक ताप आला, की अपेंडिक्सची शंका धरून दवाखाना. अशा मुलाला पाणीसुद्धा पाजायचं नाही, कारण ऑपरेशन लागलं तर भुलीसाठी पोट रिकामं लागतं.

मुलग्यांबाबत एक गोष्ट हमखास निसटते. वृषणाला पीळ पडला तर दुखणं पोटात खाली जाणवतं आणि सोबत उलटी होते. बारा-चौदा वर्षांचा मुलगा लाजेने ‘पोट दुखतंय’ एवढंच सांगतो. साधारण सहा तासांत पीळ सोडवला नाही तर वृषण कायमचं जाऊ शकतं. म्हणून ‘खाली कुठे दुखतंय का, सूज आहे का’ हे सरळ विचारावंच लागतं. शिक्षिकेला किंवा सिस्टरला विचारायला संकोच वाटत असेल, तर ते काम एखाद्या सरांकडे द्यावं, पण तेव्हाच, मधल्या सुट्टीनंतर नव्हे.

आश्रमशाळेत आणि वसतिगृहात पावसाळ्यात आणखी एक शक्यता मनात धरायची. मण्यार रात्री चावते, बऱ्याचदा जमिनीवर झोपलेल्या मुलांना, आणि तिचा दंश जवळजवळ दुखत नाही. खूणही सापडत नाही. पहाटे मूल पोटात दुखतं म्हणत उठतं, मग पापण्या जड होतात, गिळता येईनासं होतं. पोटदुखी आणि मिटत जाणारे डोळे ही जोडी दिसली की दंशाची खूण शोधत बसायचं नाही. मुलाला चालवायचं नाही, आवळून काही बांधायचं नाही, प्रतिसर्पविष मिळेल अशा रुग्णालयाकडे निघायचं आणि वाटेत श्वासावर लक्ष ठेवायचं.

उरलेली पोटदुखी मात्र शाळेनेच तयार केलेली असते. स्वच्छतागृह घाण असलं की मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत, लघवी रोखून धरतात. मग जळजळ, ओटीपोटात दुखणं, जंतुसंसर्ग. शौच टाळणाऱ्या मुलांना बद्धकोष्ठ होतो. हे कुठल्याही एका मुलाला तपासून कळत नाही, नोंदवहीत कळतं. नोंदवहीत नाव, वर्ग, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, तक्रार, काय आढळलं, काय केलं आणि कुणाला कळवलं, एवढे रकाने पुरतात. महिन्याच्या शेवटी त्या पानांवरून नजर फिरवली की दिसतं: सातवी ‘ब’ मधली मुलं दर मंगळवारी तिसऱ्या तासालाच येतात, एक मुलगी चाचणी परीक्षेच्या आठवड्यात चार वेळा आली, पाण्याची टाकी बदलल्यापासून जुलाबाच्या तक्रारी वाढल्या. शाळेत दुसऱ्या कुणाकडेही ही माहिती नसते. वर्गशिक्षकाला एकच वर्ग दिसतो, पालकांना एकच मूल. नोंदवही फक्त तपासणी अधिकाऱ्यांना दाखवायला भरली जात असेल, तर सिस्टर नेमून शाळेने निम्मे पैसे वाया घालवले असं समजायला हरकत नाही.

ताप आणि औषधाची बाटली

तापाची रेघ सोपी आहे: १००.४ फॅरनहाइट किंवा ३८ सेल्सिअस. त्यापुढे मूल घरी. घाम येईपर्यंत खेळून आलेल्या मुलाला लगेच थर्मामीटर लावायचा नाही, दहा-पंधरा मिनिटं बसवून मग. सकाळी घरी पॅरासिटामॉल देऊन शाळेत पाठवलेलं मूल साधारण अकराच्या पुढे तापायला लागतं. सिस्टरला हे वेळेवरून लगेच कळतं, पालकांना मात्र आपलं गुपित फुटलं याचं नवल वाटतं.

पॅरासिटामॉल देण्याची परवानगी पालकांनी लेखी दिलेली असेल तर मात्रा वजनावर ठरते, वयावर नाही: किलोमागे साधारण १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तास. म्हणजे २० किलोच्या मुलाला ३०० मिलिग्रॅम. घोटाळा बाटलीवर होतो. बाजारात ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचं सिरप मिळतं आणि २५० मिलिग्रॅमचंही. पहिल्यातलं साडेबारा मिलिलिटर द्यावं लागेल, दुसऱ्यातलं सहाच. ‘एक झाकण दे’ असं फोनवर सांगणाऱ्या पालकांना सिस्टर नकार देते तो याचसाठी. ॲस्पिरिन मुलांना अजिबात नाही. फ्लू किंवा कांजिण्यांत ते दिलं तर यकृत आणि मेंदूला घातक ठरणारा रेज सिंड्रोम होऊ शकतो.

घरून येणारी औषधं हा वेगळाच व्याप. नियम असा की औषध मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि पालकांनी स्वतः आणून द्यायचं. कागदाच्या पुडीत दोन गोळ्या आणि वर ‘जेवणानंतर’ एवढंच लिहिलेलं असेल तर घ्यायचं नाही. देताना दरवेळी मूल, औषध, मात्रा, देण्याचा मार्ग आणि वेळ हे पाचही पडताळायचं. एकाच वर्गात एकाच नावा-आडनावाची दोन मुलं असणं आपल्याकडे काही दुर्मीळ नाही, त्यामुळे नुसत्या नावावर भरवसा नाही, जन्मतारीख विचारायची.

रोज सांभाळायची मुलं

दमा, टाइप १ मधुमेह, फिट्स आणि तीव्र ॲलर्जी ही चार दुखणी घेऊन शाळेत येणाऱ्या मुलांसाठी सिस्टर असणं-नसणं यात खरा फरक पडतो. प्रत्येकासाठी एका पानाची योजना असते: मुलाचा फोटो, नेहमीचं औषध, त्रास सुरू झाल्याची खूण, पहिली पायरी, दुसरी पायरी, फोन कुणाला. ती प्रत वर्गशिक्षक आणि खेळाच्या सरांकडेही हवी. दम्याचा झटका मैदानावर येतो, सिक रूममध्ये नाही.

दम्यात निळा पंप म्हणजे साल्ब्युटामॉल, एका दाबाला १०० मायक्रोग्रॅम. तो स्पेसरमधूनच, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायच्या पोकळ नळकांड्यातूनच, द्यायचा. पंप हलवायचा, एक दाब, मुलाने चार ते सहा श्वास घ्यायचे, पुन्हा हलवून दुसरा दाब. असे चार झाले की चार मिनिटं थांबायचं. आराम नसेल तर पुन्हा चार आणि १०८. सर्रास होणारी चूक म्हणजे चारही दाब एकदम स्पेसरमध्ये मारणं. थेंब एकमेकांना आणि भिंतीला चिकटतात, फुप्फुसात फारसं काही पोचत नाही. दुसरी चूक, मुलाला आडवं झोपवणं. दम लागलेल्या मुलाला बसूनच बरं वाटतं. बोलताना वाक्य पुरं होत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर चार मिनिटांचं गणित सोडून आधी फोन. आणि छातीतली शिट्टी ऐकू येईनाशी झाली पण मूल थकत चाललंय, ही सुधारणा नाही. हवा आत जाणंच कमी झालंय.

टाइप १ मधुमेहाच्या मुलात भीती असते ती साखर उतरण्याची. रक्ताच्या डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली आली की घाम, थरथर, चिडचिड, कधी नुसतंच शून्यात बघणं. शिक्षकाला वाटतं लक्ष नाही. गणिताच्या तासाला असं बघणारी सगळीच मुलं मधुमेही नसतात हे खरं, पण ज्याच्या नावाची योजना सिक रूममध्ये आहे त्याची साखर आधी मोजायची आणि रागवायचं नंतर. ग्लुकोज किलोमागे ०.३ ग्रॅम, म्हणजे ३० किलोच्या मुलाला ९ ग्रॅम, ५० किलोच्याला १५. चहाचा एक चमचा साधारण ५ ग्रॅम धरला तर दोन ते तीन चमचे पाण्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून कमी असेल तर पुन्हा द्यायचं, मग पोळी किंवा बिस्किटं. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. साखर उतरलेल्या मुलाला एकट्याने सिक रूमकडे पाठवायचं नाही, जिन्यातच कोसळू शकतं. मीटर त्याच्याकडे घेऊन जायचं. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. खेळाच्या तासाआधी साखर बघणं आणि काहीतरी खायला देणं ही सवय लागली की असे प्रसंग खूप कमी होतात. सीबीएसई परीक्षेत या मुलांना खाण्याच्या काही वस्तू बरोबर नेण्याची मुभा आहे, शाळेतल्या घटक चाचणीलाही तीच हवी.

फिट आली की वर्गात एकच धावपळ उडते: कुणी चप्पल हुंगवतं, कुणी कांदा शोधतं, कुणी दातांत चमचा घालतं. फिट बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, आणि श्रेय मात्र चपलेला जातं. चमच्याने दात तुटतात, कधी तुकडा श्वासनलिकेत जातो. करायचं एवढंच: घड्याळ बघायचं, आजूबाजूची बाकं सरकवायची, डोक्याखाली दप्तर किंवा घडी केलेलं काहीतरी, झटके ओसरले की कुशीवर वळवायचं. हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटं उलटली, किंवा शुद्धीवर न येताच दुसरी फिट आली, तर १०८. काही मुलांसाठी डॉक्टर नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा लिहून देतात. किती फवारे, कधी, हे त्या मुलाच्या योजनेत लिहिलेलं असतं. शक्य असेल तर मोबाइलवर थोडं चित्रीकरण करून ते फक्त पालकांना द्यावं. मेंदूविकारतज्ज्ञाला त्याचा मोठा उपयोग होतो. वर्गाच्या ग्रुपवर मात्र ते जाता कामा नये.

तीव्र ॲलर्जीत, म्हणजे शेंगदाणा, मधमाशी किंवा औषधानंतर अंगावर पित्त उठून सोबत श्वास लागला, आवाज बसला, उलट्या किंवा चक्कर सुरू झाली, तर पहिलं औषध ॲड्रेनालिन. मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. एक मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅमची ॲम्प्यूल असते, म्हणजे २० किलोच्या मुलाला ०.२ मिलिलिटर. परदेशात मिळणारी पेनासारखी तयार इंजेक्शनं आपल्याकडे सहज मिळत नाहीत, म्हणून ॲम्प्यूल, बारीक सिरिंज आणि वजनानुसार मात्रेचा तक्ता एकाच डबीत हवा. सिस्टरने हे डॉक्टरांच्या लेखी सूचनेनुसारच द्यायचं. आधी सेट्रिझिन देऊन बघू, यात मोलाची मिनिटं जातात. ती गोळी खाज कमी करते, श्वासनलिकेची सूज नाही. मूल बरं वाटून उठू पाहतं, तेव्हा त्याला उभं करायचं नाही. रक्तदाब त्या क्षणी कोसळू शकतो.

विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी पट्ट्यात पाचवं दुखणंही याच यादीत येतं, सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं आणि त्यात तपासणी मोठ्या प्रमाणावर होते आहे, पण मुलाचं कार्ड घरच्या पेटीत राहिलं तर शाळेला काहीच कळत नाही. या मुलाला वर्गात पाण्याची बाटली आणि हवं तेव्हा लघवीला जाण्याची परवानगी लागते. थंडीत पहाटेच्या कवायतीतून सूट लागते. त्याचा ताप म्हणजे ‘उद्या बघू’ नाही, त्याच दिवशी रुग्णालय. हातापायाच्या वेदनांना कामचुकारपणा म्हणणाऱ्यांनी एकदा तो झटका जवळून बघावा.

किरकोळ, पण नेहमी चुकणारं

घोळणा फुटला की मान मागे टाकतात. रक्त घशातून पोटात जातं आणि थोड्या वेळाने उलटी होते. मान पुढे, नाकाचा मऊ भाग चिमटीत, सलग दहा मिनिटं, मध्ये उघडून न बघता. पडलेला दात कायमचा असेल तर मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरायचा, दुधात टाकायचा आणि तासाच्या आत दंतवैद्याकडे. तो पुन्हा बसू शकतो. दुधाचा दात परत बसवायचा नाही. डोक्याला मार लागलेलं मूल ठणठणीत दिसलं तरी पालकांना चिठ्ठी जायलाच हवी: पुढचे २४ तास वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झोपेतून जागं करणं कठीण होणं, यांतलं काही दिसलं तर लगेच रुग्णालय. भाजलं तर वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं. टूथपेस्ट, हळद, शाई नाही.

तपासणी आणि तिच्यानंतरची गळती

सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं: आयुष शाखेचे दोन डॉक्टर, एक नर्स किंवा एएनएम (सहायक परिचारिका), एक औषधनिर्माता. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला तो आपल्याच पालघरहून. जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातला उशीर अशा चार गटांत अठरा वर्षांपर्यंतची मुलं तपासली जातात आणि पुढचे उपचार, अगदी हृदयाच्या शस्त्रक्रियेपर्यंत, मोफत होऊ शकतात. व्यवस्था चांगली आहे. गळती होते ती पथक गेल्यानंतर. चिठ्ठी दप्तरात चुरगळते, जिल्हा रुग्णालयाला जायचा दिवस मजुरीचा असतो, आणि पुढच्या वर्षी पथक त्याच मुलाला तीच चिठ्ठी पुन्हा देतं. सिस्टर किंवा तिच्या जागी काम करणारी व्यक्ती इथे कामी येते. तिच्या यादीत ‘पाठवलं’ एवढाच रकाना नसतो, ‘गेलं’, ‘चष्मा मिळाला’ आणि ‘वर्गात घालतो’ असे पुढचे तीनही असतात. शेवटचा सर्वात अवघड, कारण चष्मा चिडवतात म्हणून दप्तरात राहतो.

दृष्टी तपासताना सहा मीटर अंतर खरोखर मोजून जमिनीवर रेघ मारायची. एक डोळा तळहाताने झाकायचा, बोटांनी नाही, फटीतून मुलं बघतात. रांगेतली मुलं तक्ता पाठ करतात, म्हणून फिरवता येणारा ‘ई’ चा तक्ता बरा. चष्मा असलेल्याची तपासणी चष्म्यासह. तक्त्यावरची ६/९ लिहिलेली ओळ वाचता आली नाही तर पुढे पाठवायचं.

ॲनिमियासाठी आठवड्याला एक लोहाची गोळी असते: पहिली ते पाचवीला गुलाबी, त्यात ४५ मिलिग्रॅम लोह, सहावीपासून पुढे निळी, ६० मिलिग्रॅमची. ती खिचडी खाल्ल्यावर द्यायची. उपाशीपोटी दिली की मळमळतं, एकाला उलटी झाली की बघून दहाजणांना होते, आणि दुपारपर्यंत गावात ‘गोळ्यांतून विषबाधा’ पसरते. शौच काळी होणार, हे आधीच सांगायचं. शिक्षकांनी मुलांसमोर स्वतः गोळी खाल्ली तर निम्मी भीती तिथेच जाते. वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्या सिकलसेल किंवा थॅलेसेमियाच्या मुलांना ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. वर्षातून दोनदा जंताची गोळी, अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, चावून खायची. त्या दिवशी तापात असलेल्या मुलाला ती नंतर द्यायची.

साथीत किती दिवस घरी ठेवायचं यावर पालकांशी नेहमी वाद होतात. कांजिण्यांत शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत, गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस, गालगुंडात सूज आल्यापासून पाच. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला आहे पण गालगुंडाची लस नाही, त्यामुळे त्याची साथ शाळांत येत राहते. उवांसाठी मात्र घरी पाठवायचं काहीच कारण नाही.

वसतिगृहातली खरूज जात का नाही, याचं उत्तर जवळजवळ नेहमी एकच असतं: ज्यांना खाज सुटली त्यांनाच मलम लावलं. परमेथ्रिन ५ टक्के मलम मानेपासून खाली तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखाली, खोलीतल्या सर्वांना एकाच रात्री लावायचं, आठ ते चौदा तासांनी अंघोळ, आठवड्याने पुन्हा. चादरी-कपडे गरम पाण्यात धुवायचे किंवा पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवायचे. खाज त्यानंतरही दोन-चार आठवडे राहते, म्हणून औषध फसलं असं नाही.

दार लोटल्यावर जे कळतं

वारंवार येणारं, पण कुठेच काही न सापडणारं मूल बहुधा बोलायला जागा शोधत असतं. मनगटावरच्या ओरखड्यांच्या रेघा, उन्हाळ्यातही न काढलेला स्वेटर, घरी जायची वेळ झाली की वाढणारं दुखणं, हे सगळं सिस्टरच्या नजरेला पडतं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन तिने द्यायचं नसतं, कारण ते पाळता येत नाही. लैंगिक अत्याचाराची नुसती शंका असली तरी पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. ‘आधी शाळेत चौकशी करू’ हा मार्ग कायद्यात नाही. मुलाने जे शब्द वापरले तेच लिहायचे, आपले शब्द तोंडात घालायचे नाहीत, पुन्हा पुन्हा सांगायला लावायचं नाही. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६, दोन्ही सिक रूमच्या आतल्या भिंतीवर लावावेत, जिथे मूल खाटेवर पडून वाचू शकतं. बाकी आजारांबाबत उलट नियम: कुणाला काय झालंय हे शिक्षकांच्या खोलीत चर्चेला जाता कामा नये. शिक्षकांना मुलासाठी काय करायचं एवढंच सांगावं, रोगाचं नाव दरवेळी लागत नाही.

सिस्टरच नसेल तर

महाराष्ट्रातल्या बहुसंख्य शाळांत अशी कुणी नाही, विशेषतः जिल्हा परिषदेच्या शाळांत. फेब्रुवारी २०२० मध्ये आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतून एक शिक्षक आणि एक शिक्षिका आरोग्यदूत म्हणून नेमण्याची कल्पना आली. त्यांचं काम मुख्यतः आरोग्यशिक्षण. त्यांच्याकडून सिस्टरच्या कामाची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे, पण त्यांच्या हातून तीन गोष्टी नक्की होऊ शकतात: वर सांगितलेली नोंदवही, जुनाट आजार असलेल्या मुलांची एक-एक पानाची योजना, आणि उपकेंद्राच्या एएनएम व आशाताईंशी ठरलेली गाठ. इंजेक्शन आणि औषधाची मात्रा ठरवणं त्यांच्यावर टाकायचं नाही.

पालकांचा वाटा जूनमध्येच पुरा करता येतो. प्रवेश अर्जासोबतच्या आरोग्य फॉर्मवर ‘काही नाही’ लिहून मोकळं होण्याची सवय फार आहे. लहानपणी तापात आलेली एक फिट, अंड्याने उठणारं पित्त, मुलीचं लग्न जुळणार नाही या भीतीने लपवलेला आजार, हे सगळं लिहायला हवं. वजन चालू वर्षाचं हवं, कारण सगळ्या मात्रा त्यावरच ठरतात. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीचं टीडीचं (धनुर्वात-घटसर्पाचं) इंजेक्शन झालं का, तेही. फोन क्रमांक दोन, आणि त्यातला एक तरी असा, की जो सकाळी अकरा वाजता उचलला जातो. पंप, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणि ॲड्रेनालिनच्या मुदतीच्या तारखा शाळेने आणि घरच्यांनी मिळून वर्षातून दोनदा तपासायच्या: एकदा जूनमध्ये, एकदा दिवाळीच्या सुट्टीनंतर. पंप रिकामा आहे का हे पाण्यात तरंगवून कळतं असं सांगतात, ते खरं नाही. त्याच्यावरचा आकडा बघायचा, आकडा नसेल तर वापरलेले दाब कागदावर मोजायचे.